महामायेची डावी बाजू

सोमवार, ३ तारीख

पहिली तक्रार. या वहीला रेघा नाहीत. तिसरीपर्यंत शिकलेल्या बाईला बिनरेघांची वही देणं म्हणजे लंगड्याला शर्यतीत उभं करणं. ओळ निघते सरळ आणि पोचेपर्यंत उतार उतरून खाली येते. दुसरी तक्रार, पेन हिरव्या शाईचं आहे. तिसरी तक्रार लिहीत नाही, ती वही देणारीबद्दल आहे. वाचणार नाही असं म्हणाली आहे, पण पोरगी माझ्या लेकीची. भरवसा किती ठेवायचा?

आता नमस्कार.

नात म्हणाली, "आजी, नव्या घोडीनं रोज काय केलं ते कुणीतरी लिहून ठेवायला हवं. मला वेळ होत नाही. तू तर खिडकीत बसलेलीच असतेस."

बसलेलीच असतेस! जसं काही मी कुंडीतलं रोपटं. पण खरं आहे. हे गेल्याला वर्ष झालं, तेव्हापासून मी खाली तबेल्यात उतरलेली नाही. गुडघे दुखतात.

तर खिडकीतून दिसतं ते असं. माझ्या मुलाचा तबेला, आठ घोडी, सकाळी पोरं रपेट शिकायला येतात. पलीकडे लाकडी कुंपणाचा गोल, त्यात ही नववी. काळी, उंच, अंगावर जुने वळ. गाडीला जुंपायचे म्हणे तिला. कुणाला हात लावू देत नाही. चंदीची बादली ठेवली तर माणूस लांब गेल्याशिवाय तोंड घालत नाही. नातीनं तिचं नाव मखमल ठेवलंय. मी महामाया म्हणते.

मुलानं अट घातली आहे. तिचे खूर वाढून होडीसारखे झालेत, कापले नाहीत तर लंगडी होणार. एकोणतीस तारखेला नालबंद येईल. त्याला चारही पाय उचलू दिले तर घोडी राहील. नाहीतर एकतीसला दलालाची गाडी. दलालानं नेलेलं जनावर पुन्हा कुणाच्या दृष्टीला पडलेलं नाही, हे तबेल्यात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

नात म्हणाली, "चालेल मामा. पण चाबूक नाही, पाय बांधणं नाही, उपाशी ठेवणं नाही."

मुलगा म्हणाला, "मग काय, आमंत्रणपत्रिका पाठवू का घोडीला?"

हसले मी. कबूल करते.

मंगळवार, ४ तारीख

नात काय करते? काही नाही. गोलाच्या मधोमध उभी राहते आणि वाट बघते. तेवीस वर्षांची धडधाकट मुलगी, दोन वर्षं कुठेतरी जाऊन घोड्यांचं शिक्षण घेऊन आली, आणि शिकली काय, तर उभं राहायला.

घोडी तिच्याभोवती फिरते, घड्याळाच्या काट्यासारखी, एकाच दिशेनं. उलटं वळव म्हटलं की उधळते. नात मोहरकी घेऊन, म्हणजे तोंडावर चढवायची दोरी, हळूहळू तिच्या डाव्या अंगाला जाते. घोड्याकडे डावीकडून जायचं हा जगाचा नियम. मोहरकी डावीकडून, खोगीर डावीकडून, चढायचं डावीकडून. माझ्या वडिलांनी मला शिकवलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी. पण महामाया डावी बाजू देतच नाही. गर्रकन वळून समोर उभी. वर आज जाता जाता पाण्याच्या बादलीला धडकली आणि खांबाला खांदा घासून घेतला. धसमुसळी आहे.

संध्याकाळी नात चहा घेऊन आली ती माझ्या उजव्या हाताला बसली. कायम उजवीकडेच. खुर्ची डावीकडे असली तर उचलून इकडे आणते, पण बसते उजवीकडे. काय खोड आहे कोण जाणे. मला बरंच आहे म्हणा. माझा डावा कान लहानपणी तापात गेला, त्या बाजूनं बोललेलं कळत नाही. हे घरात कुणाला सांगितलेलं नाही. म्हातारी मुद्दाम लक्ष देत नाही असं समजतात. समजू देत. दरारा राहतो.

गुरुवार, ६ तारीख

घोडीत प्रगती शून्य. म्हणून आज दुसरंच लिहिते, वही माझीच आहे.

माझे वडील मोतद्दार होते, दुसऱ्यांची घोडी सांभाळायचे. बिथरलेलं घोडं आलं की ते पालथ्या बादलीवर त्याच्याकडे पाठ करून बसायचे आणि लगाम शिवत राहायचे. बघायचे नाहीत, बोलवायचे नाहीत. मी विचारलं होतं, "बाबा, पाठ का करता?" म्हणाले, "ज्याला आपली भीती वाटते त्याच्याकडे टक लावून बघू नये. त्याला आपल्याकडे बघू द्यावं."

शाळेतून आले की मला त्यांच्या शेजारी बसवायचे आणि पाढे म्हणायला लावायचे. त्यांना अक्षरओळख नव्हती, त्यामुळे चुकलं तरी कळायचं नाही. पण ठेका चुकला की कळायचा. घोड्यालाही कळायचा. मी बे एके बे म्हणायची, ओल्या गवताचा आणि गरम चामड्याचा वास यायचा, आणि कधीतरी पाढा म्हणता म्हणता मानेवर गरम श्वास लागायचा. वळायचं नाही. पुढचा पाढा म्हणायचा. बारापर्यंत पोचले आणि शाळा सुटली माझी, तेरा आलाच नाही. घरात हात कमी होते.

आणखी एक नियम होता त्यांचा. घोडा खिंकाळला की ज्याला हाक मारली त्यानंच ओ द्यायची. दुसऱ्यानं दिली तर घोडा दुसऱ्यांदा हाक मारत नाही. पहाटे एखादं घोडं ओरडलं की बाबा मला हलवायचे, "ऊठ, तुला बोलावतंय." अंथरुणातून मी ओरडायची, "आले गं बाई, आले!"

साठ वर्षं झाली. चामड्याचा वास अजून तोच आहे. माणसं बदलली.

रविवार, ९ तारीख

रविवारी सकाळी दहाला माझ्या खोलीबाहेरच्या बोळातला फोन वाजतो. माझी लेक, म्हणजे नातीची आई. ती तिच्या पोरीशी बोलते, भावाशी बोलते. माझ्याशी बोलत नाही, मी तिच्याशी बोलत नाही. नऊ वर्षं झाली. हे गेले तेव्हाही आली, उभ्या उभ्या गेली.

फोन चालू असताना मी खोलीत डबे पुसते. आवाज करून पुसते, म्हणजे ऐकू येणार नाही. माझा चांगला कान तेव्हा दाराकडे असतो तो योगायोग.

नात म्हणत होती, "हो गं. खाते. कमी खाते, पण खाते. नाही, खाली येत नाही अजून. नाही, मी काही बोलले नाही, तू म्हणालीस ना घाई करू नको."

महामायेबद्दल असणार.

बुधवार, १२ तारीख

आज घोडीनं नातीला लाथ मारली. मांडीवर. नात मोहरकी घेऊन डाव्या खांद्याशी पोचली होती, हात लावला आणि फाडकन. खिडकीतून मी "अगं!" ओरडले तर सगळ्यांनी वर बघितलं.

मांडी काळीनिळी झाली आहे. मुलगा शेक द्यायला आला तो बोलतच आला. "दोन आठवड्यांत काय झालं? पी हळद आणि हो गोरी असं नसतं म्हणालीस, पटलं. पण ही तर दिवसेंदिवस काळीच होत चालली आहे. दलालाला निरोप देऊन ठेवतो."

"एकोणतीस म्हणजे एकोणतीस, मामा."

"डोकं फुटलं तर तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?"

"तिला मी सांगेन. ती पतंगच्या वेळी काय झालं ते विसरलेली नाही."

पतंगचं नाव निघालं आणि दोघांनी चोरून माझ्याकडे बघितलं. मुलगा शेकाचं फडकं पिळायला लागला. मला काय, मी काय खाते कुणाला?

लिहूनच टाकते. पतंग हा माझ्या लेकीचा घोडा. तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. शिंगरू असल्यापासून तिच्या मागे मागे फिरायचा. पुढे ह्यांनी त्याला कामाला लावायचं म्हणून हातात घेतला. ह्यांची पद्धत वेगळी होती. चाबकाखाली मऊ होत नाही असं चामडं नाही, म्हणायचे. पतंग मऊ झाला नाही, माजला. चावायला लागला, गर्रकन वळून लाथा झाडायला लागला. एक दिवस ह्यांचा हात मोडता मोडता राहिला. मी दलालाला बोलावलं. मी, ह्यांनी नाही. लेक शाळेत असताना बोलावलं, समोर असती तर सोडला नसता तिनं. चौदा वर्षांची होती. आली, रिकामं दावं बघितलं, आणि रडली नाही. तेच मला आवडलं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी एकदा तिनं पतंगचा विषय काढला, मी बरोबर केलं म्हटलं, तेव्हापासून अबोला.

खुनशी घोडा होता. घरात लहान मुलं होती. बरोबर केलं मी.

शनिवार, १५ तारीख

खाली उतरले. उगाच कुणी अर्थ काढू नये, नातीची मांडी दुखते, तिला चंदीची बादली उचलवत नव्हती म्हणून उतरले. अठरा पायऱ्या. वर्षात दोन वाढवल्या की काय असं वाटलं.

तबेल्याच्या दाराशी कुणीतरी स्टूल ठेवलं होतं. उन्हात, बरोब्बर पाठीला ऊन लागेल असं. बसले जरा.

मंगळवार, १८ तारीख

स्टूल रोज कोण सरकवतं? शनिवारी दाराशी होतं. रविवारी हौदाशी. आज कुंपणापासून हातभर. नातीला विचारलं तर म्हणे, "झाडताना सरकलं असेल." झाडणारा रोज एकाच दिशेला झाडतो वाटतं.

बसलेच आहे तर म्हटलं घोडीकडे पाठ करून बसावं. बाबांसारखं. घोडीसाठी म्हणून नाही, ऊन डोळ्यांवर येतं.

लगाम उसवला होता एक. शिवायला घेतला.

गुरुवार, २० तारीख

मानेवर गरम श्वास. उजव्या बाजूनं. मी वळले नाही. लगाम शिवत राहिले. टाके मात्र वाकडे पडले.

नात लांबून बघत होती. नुसती बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी कशाला यावं, घोडी माझ्याकडे आली होती, तिच्याकडे नाही. मत्सर असेल.

शुक्रवार, २१ तारीख

आज जे झालं ते नीट लिहिते.

मी स्टुलावर बसले होते. महामाया कुंपणापलीकडे, माझ्या उजव्या खांद्याजवळ, बादलीत तोंड घालून. मुलगा मागून आला, माझ्या डाव्या बाजूनं. काहीतरी बोलला असणार, मला ऐकू आलं नाही. त्यानं खांद्यावर हात ठेवला आणि मी अशी दचकले की चहा त्याच्या पायावर आणि हातातली सुई त्याच्या हाताला.

"आई! मी आहे, मी! काय हे!"

"मेल्या, चोरासारखा काय येतोस!"

"चोरासारखा? तीन वेळा हाक मारली!"

तो बोट चोखत गेला. मी बसले छाती धरून. आणि मग माझ्या डोक्यात आलं. मी खुनशी आहे का? नाही. मी सुई का टोचली? मला ठाऊकच नव्हतं कुणी येतंय. हात एकदम उगवला.

घोडीकडे वळून बघितलं. ती एका दिशेनं फिरते. कशी? उजवं अंग माणसाकडे ठेवून. बादलीला धडकते कुठल्या बाजूनं? डाव्या. खांबाला खांदा घासला तो कुठला? डावा. नातीला लाथ मारली तेव्हा नात कुठे होती? घोडं पेंड खातंय ते इथेच, आणि आम्ही सगळे तीन आठवडे त्याच डाव्या बाजूनं जात होतो, नियम आहे म्हणून.

शनिवार, २२ तारीख

खात्री करून घेतली. नातीला महामायेपुढे उजवीकडे गाजर घेऊन उभी केली. मी कुंपणाच्या दांड्यांमधून डाव्या डोळ्याजवळ पांढरा रुमाल नेला, हळूच, वारा लागणार नाही असा. पापणी हलली नाही. उजवीकडून नेला, लगेच डोकं झटकलं. डोळा वरून साजरा, काळाभोर, चकचकीत. आतून दिवा विझलेला.

नात मटकन खाली बसली. "मी रोज तिच्या आंधळ्या बाजूनं जात होते आजी. रोज."

"तू एकटी नाहीस. सगळं जग डावीकडूनच जातं."

"पण झालं कसं असेल?"

"मारून," मी म्हटलं. "माणूस समोर उभा राहून उजव्या हातानं मारतो तेव्हा समोरच्याची डावी बाजू जाते."

तिनं माझ्याकडे बघितलं. वर येऊन बसले तर वाटलं, वहीत तरी खोटं कशाला. माझ्या कानाचं ताप-बीप काही नव्हतं. लग्नाला दोन वर्षं झाली होती. घोड्यासाठी उचललेला हात होता, मी मधे आले. ह्यांना नंतर वाईट वाटलं असेल. विचारलं नाही, सांगितलं नाही.

रविवार, २३ तारीख

पतंगसुद्धा गर्रकन वळायचा.

मी पतंगच्या उजव्या बाजूला कधी गेलेच नाही.

दहाला फोन वाजला. आज डबे पुसले नाहीत.

बुधवार, २६ तारीख

आता शिकवणं असं चाललंय. आंधळ्या बाजूनं यायचं तर तोंडानं बोलत यायचं, म्हणजे तिला कळतं कोण आहे आणि कुठवर आलंय. गप्प झालं की तिच्यासाठी तुम्ही नाहीसे होता आणि पुन्हा उगवता. नातीचं बोलणं संपतं दोन मिनिटांत. "चांगली मखमल, शहाणी मखमल" किती वेळ म्हणणार? माझं संपत नाही. पहिल्या दिवशी मी तिला तासभर शिव्या घातल्या, गोड आवाजात. तुझी शेपटी झाडूला लावीन, तुझ्या आजीनं कुंपण खाल्लं असेल, असं. कान माझ्याकडे वळवून उभी. शिव्या संपल्या तेव्हा पाढे सुरू केले. बे एके बे. ठेका तिला आवडला. मान खाली आली, खालचा ओठ लोंबला.

काल पाच ते आठच्या पाढ्यात खांद्यावर हात ठेवू दिला. आज गुडघ्यापर्यंत नेला. मोहरकी चढली ती उजवीकडून, बाबांनी बघितलं असतं तर मला हाकललं असतं. की नसतं?

स्टूल आता कुंपणाच्या आत आहे. मी काही नेलं नाही.

मुलगा दांडीवर रेलून म्हणाला, "आई, घोडीला पाढे? उद्या परीक्षा घेणार का?"

"तुला आले नाहीत, म्हटलं तिला तरी येतात का बघू."

शुक्रवार, २८ तारीख

पुढचा डावा पाय उचलला. तीन मोजेपर्यंत. मागचा डावा नाही दिला. उद्या नालबंद. घोडामैदान जवळ आलं.

जेवायला खाली सगळ्यांबरोबर बसले. वर ताट नेणारी दमली होती म्हणून.

शनिवार, २९ तारीख

नालबंद आला. माझ्याच वयाचा, कमरेत वाकलेला, कातड्याचा एप्रन, तोंड माझ्याइतकंच चालतं. मला तबेल्यात बघून म्हणाला, "काय वहिनी, देवळातून देव खाली उतरला का?"

"तुझे हात अजून थरथरत नाहीत ना ते बघायला आले."

"थरथरतात. पण घोड्याला हात लावला की थांबतात."

त्याला सगळं समजावलं. उजवे दोन्ही पाय सहज झाले, नात डोक्याशी उभी, घोडी गाजर चघळत. मग तो डाव्या बाजूला आला. मी खांद्याजवळ, हात तिच्या मानेवर, पाढे सुरू. मुलगा कुंपणाबाहेर हाताची घडी घालून.

पुढचा पाय दोन ते सहाच्या पाढ्यात झाला. एवढे मोठे तुकडे निघाले खुराचे. मागच्या पायाला नालबंदानं हात लावला आणि तिचं सगळं अंग दगड झालं. मी आवाज वाढवला नाही, बाबा म्हणायचे भ्यालेल्याशी मोठ्यानं बोलू नये. सात एके सात, सात दुणे चौदा, तशीच चालले. आठ झाला. नवाच्या पाढ्यात पाय उचलला गेला. नालबंदानं तो मांडीवर घेतला आणि कापायला लागला, सावकाश, कारण वाकडं वाढलं होतं. दहा. अकरा. बारा. बारा दाहे वीसासे.

आणि माझं संपलं.

सुचेना काही. शिव्यासुद्धा आठवेनात. तिचा कान मागे गेला, मानेखालची शीर उडायला लागली. नालबंदाचं कापायचं अर्धं राहिलेलं, चाकू खुरात. तो तोंडातल्या तोंडात म्हणाला, "वहिनी, बोला. काहीही बोला."

तेवढ्यात माझ्या उजव्या कानाशी, अगदी हळू, "तेरा एके तेरा."

नात होती. घोडीला मामाच्या हाती देऊन वळसा घालून माझ्या उजवीकडे आलेली. मामा कधी आत आला कळलंच नाही.

मी म्हटलं, "तेरा एके तेरा."

"तेर दुणे सव्वीस."

"तेर दुणे सव्वीस."

ती कुजबुजायची, मी मोठ्यानं म्हणायची. घोडीला माझाच आवाज हवा होता. तेर त्रिक एकोणचाळीस, तेर चोक बावन्न. शीर बसली. कान पुढे आला. तेर साती एक्क्याण्णवला नालबंदानं पाय खाली ठेवला, पाठ सरळ केली आणि म्हणाला, "गंगेत घोडं न्हालं." सत्तरी ओलांडल्यावर तेराचा पाढा झाला माझा. तोही तीन घास राहिला.

मुलगा मोहरकी धरून उभा होता. म्हणाला, "पण आई, एका डोळ्यानं आंधळी घोडी पोरांना रपेटीला कशी देणार?"

"अट पायांची होती की डोळ्यांची?"

"पायांची, पण..."

"मग पाय मोज. चार आहेत. दलालाला निरोप दे, येऊ नको म्हणावं." आणि मग म्हटलं, "या घरातून दलालाला मी एकदा बोलावलंय. ते पुरे."

त्यानं घोडीच्या कपाळावर हात ठेवला, उजव्या बाजूनं.

दुपारी नात माझ्याजवळ येऊन बसली. उजवीकडे. आज विचारलं, "तू कायम याच बाजूला का बसतेस गं?"

"आईनं सांगितलं होतं. निघताना."

"काय सांगितलं होतं?"

"आजीच्या उजव्या बाजूला बस. डाव्या कानानं तिला ऐकू येत नाही. लोकांना वाटतं ती तुसडी आहे, पण तिला ऐकू येत नसतं."

"तिला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. ती लहानपणी तुझ्या डावीकडे झोपायची ना. म्हणाली, रोज रात्री हाक मारायची, तू ओ द्यायची नाहीस. एकदा तुझ्या अंगावरून पलीकडे जाऊन हाक मारली, तर लगेच दिलीस. तेव्हापासून ती उजवीकडे झोपायला लागली."

इथे काही लिहायचं नाही.

रविवार, ३० तारीख

पहाटे महामाया खिंकाळली. पहिल्यांदाच. मुलगा त्याच्या खोलीतून "आलो, आलो" म्हणाला. त्याला झापला. त्याला नव्हती मारली हाक. खिडकी उघडून मी ओ दिली. तिनं पुन्हा हाक मारली.

आता नऊ वाजून वीस मिनिटं झालीत. लिहून ठेवते आणि ही वही उघडी फोनशेजारी ठेवते, या पानावर. नात वाचत नाही म्हणते, तरी वाचेल. मुलगा वाचेल. वाचावंच.

काय बोलायचं ते मला सुचलेलं नाही. पतंगचं सांगेन. म्हणेन, त्याची उजवी बाजू मी बघितली नाही. त्यापुढे नाही सुचलं तर पाढे म्हणेन. तिला आठवत असतील, याच आवाजात तिला झोपवायची.

दहाला फोन वाजेल. कितीही वेळ वाजला तरी दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मला अठरा पायऱ्या उतरायच्या नाहीत, पण बोळापर्यंत गुडघे धरून यायचंय, तेव्हा वाजू द्यायचा. मी उचलणार. उजव्या कानाला लावणार. हाक मला आहे, ओ मी देणार.